कोणाला कोणते पुस्तक?

‘एखादे चांगले पुस्तक द्या,’ असे म्हणत वाचनालयाच्या टेबलासमोर उभा राहिलेला मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याला विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला असतो : ‘कितवीत आहेस?’ ‘आठवीत’ असे उत्तर आले की देणाऱ्याचा हात कुमार विभागाच्या कपाटाकडे वळतो. वरवर पाहता यात गैर काही नाही. तरीही आमची तक्रार आहे ती या प्रश्नाबद्दलच.

पिंपळनेरचे उदाहरण घेऊ. साक्री तालुक्यातल्या पांझराकाठच्या या गावात एकाच आठवीच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारा मुलगा असतो, आणि पश्चिमेकडच्या पाड्यावरून आलेली, घरी कोकणी किंवा भिली बोलणारी मुलगीही असते. तिच्यासाठी पुस्तकातली मराठी ही शाळेत शिकलेली भाषा. पण पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने कसे फिरते, पाटकरी पाळी कशी लावतो, हे ज्या घरांत रोज बोलले जाते, त्या घरातल्या मुलाला पाण्याच्या वाटपाविषयी शहरातल्या पदवीधरापेक्षा जास्त ठाऊक असू शकते. इयत्तेवरून वय कळते. वाचक कळत नाही. आणि पहिलेच पुस्तक अंगावर आले तर ते न वाचता परत येते व मूलही पुन्हा फिरकत नाही. नुकसान होते ते इथे.

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा त्यांतल्या दोन नियमांचा आशय आहे. यात ‘त्याचे’ हा शब्द महत्त्वाचा. तो केवळ कपाटे लावून साधत नाही. त्यासाठी मध्ये एक माणूस लागतो.

आता एक सर्वपरिचित पुस्तक तपासू : वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’. १९८१ पासून हे पुस्तक शिफारशीच्या यादीत नाही असे वाचनालय विरळा. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग लावायला सांगणाऱ्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे हे चरित्र खानदेशातल्या कोणाही कापूस पिकवणाऱ्याला आपले वाटावे असे आहे. पण ते बहुधा ‘प्रेरणादायी’ एवढाच शेरा मारून दिले जाते. चौदा वर्षांच्या मुलाला त्यातली शाळेसाठीची पायपीट भावेल. त्याच्या वडिलांना फेरपालटाचा भाग दाखवावा, आणि शिक्षकाला, खेड्यांपर्यंत शिक्षण नेणारी फिरती गाडी. पुस्तक एकच, तीन वाचकांना देताना शब्द मात्र तीन.

देणाऱ्याने पुस्तकाची उणी बाजूही सांगावी. हे चरित्र भारावून लिहिलेले आहे. त्यामुळे वाचक कार्व्हरबद्दलच्या आख्यायिकाही सहज खऱ्या मानतो. ‘शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरने शोधले’ हे वाक्य आपण वर्गातही ऐकतो; प्रत्यक्षात शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट मार्सेलस एडसन यांनी १८८४ सालीच घेतले होते. कार्व्हर टस्कीगीला गेले १८९६ मध्ये. यामुळे त्यांचे मोठेपण कमी होत नाही. विज्ञानाचे पुस्तक आदराने आणि तपासूनही वाचता येते, एवढे मुलांना कळते.

त्यानंतर पुस्तक मिटून शिवारात जावे. भुईमुगाचे रोप फुलोऱ्याच्या सुमारास अलगद उपटून मुळांवरच्या गाठी ब्लेडने कापाव्यात. आतून गुलाबी दिसल्या तर रायझोबियम जिवाणूंचे नत्र स्थिर करण्याचे काम चालू आहे. पांढऱ्या वा हिरवट असल्या तर नाही. कार्व्हर भुईमूग का लावायला सांगत होते, याचे उत्तर मुलांच्या हातात असते.

उलट उदाहरण दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’चे. १९५६ सालचे हे पुस्तक ललित विभागात राहते, म्हणून विज्ञानाच्या शिक्षकापर्यंत पोचत नाही. महिन्यामहिन्याने निसर्गाचे असे बारीक निरीक्षण मराठीत दुर्मीळ आहे. भाषा संपन्न, त्यामुळे आठवीतल्या मुलाने एकट्याने वाचणे जड जाईल. पण घरातल्या आजीला एकेक महिना वाचून दाखवला तर ती आपल्याकडचे झाड, आपल्याकडची भाजी सांगू लागेल. बारीपाड्याच्या वनभाजी स्पर्धेत ज्या बायका रानभाज्या मांडतात, त्यांच्याजवळ या पुस्तकात भर घालण्याइतके ज्ञान आहे. वाचता न येणारा माणूसही पुस्तकाचा वाचक होऊ शकतो, तो असा.

मग सगळा दोष ग्रंथपालाचा का? नाही. लहान वाचनालयात नोंदी करणारा, वर्तमानपत्रे लावणारा आणि झाडू मारणाराही बहुधा एकच असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि अनुदान वर्गानुसार मिळते. ग्रंथ किती, वाचक किती, हे मोजले जाते. कोणाला कोणते पुस्तक का दिले आणि ते वाचले गेले का, याला रकाना नाही. जे मोजले जात नाही ते करण्याचा आग्रह कोण धरणार?

तो आग्रह शिक्षकांनी धरावा, असे आम्हांला वाटते. पुढच्या महिन्यात कोणता पाठ आहे हे ग्रंथपालांना आधी कळवावे. ‘कितवीत?’ ऐवजी तीन प्रश्न विचारावेत : याआधी काय आवडले? घरी कोणते काम करतोस? पुस्तक आणखी कोण वाचणार? न वाचलेले पुस्तक सुचवताना ‘मी वाचलेले नाही’ असे स्पष्ट सांगावे. परत आलेल्या पुस्तकात वाचकाने एका ओळीची चिठ्ठी ठेवावी. ‘कंटाळा आला’ ही चिठ्ठीही चालेल. वर्षभरात या चिठ्ठ्यांची जी यादी होईल, ती पिंपळनेरची स्वतःची असेल. वरून आलेल्या कोणत्याही यादीशेजारी ती लावून पाहावी, आणि दोन्हींत कोठे फरक पडतो ते मुलांनाच शोधू द्यावे.