न काढलेले दात

माजी सैनिकाने जपलेली वस्तू त्याच्याकडे येण्याआधी कोणाची होती, हा प्रश्न आपली समीक्षा सहसा विचारत नाही. युजीन स्लेज यांचे ‘विथ द ओल्ड ब्रीड’ (१९८१) वाचताना तो टाळता येत नाही. १९४४-४५ मध्ये पेलेलिऊ व ओकिनावा या बेटांवर लढलेले हे अमेरिकन मरीन. रोजनिशीला बंदी असल्याने ते खिशातल्या ‘नव्या करारा’त टिपणे ठेवत. त्यांतूनच हे पुस्तक झाले.

पेलेलिऊवर मेलेल्या जपानी सैनिकाचे सोन्याचे दात काढायला स्लेज सरसावतात. तुकडीतला वैद्यकीय मदतनीस जंतूंची भीती घालून त्यांना अडवतो. स्लेज मग कॉलरवरचे हुद्द्याचे चिन्ह तेवढे कापून घेतात. जंतू हे निमित्त होते, मदतनीस आपल्यातले माणूसपण वाचवत होता, हे त्यांना मागाहून उमगले.

माझ्या मते पुस्तकाचे मोल या उशिराच्या उमजण्यात आहे. कापून घेतलेल्या चिन्हापेक्षा न काढलेले दातच युद्धाविषयी अधिक सांगतात.

लुटलेली निशाणीही पुढे बोलू शकते. सायपानवर १९४४ साली मृत जपानी सैनिकापाशी मिळालेला, गावकऱ्यांच्या सह्यांचा ध्वज मार्विन स्ट्रॉम्बो या मरीनने ७३ वर्षे जपला. २०१७ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, जपानला जाऊन त्याने तो त्या सैनिकाच्या भावंडांना परत केला आणि त्यांचा भाऊ कसा पडला होता तेही सांगितले.

युद्धाच्या आठवणींत हा दुसरा मालक दिसतो का, यावर त्यांची पारख व्हावी.