बनावट पत्रांचा खटला

१८८२ च्या कोल्हापूर प्रकरणाचा विषय निघाला की आपल्या चरित्रग्रंथांत तुरुंगाचे दार फार लवकर उघडते. टिळक-आगरकर डोंगरीला गेले, १०१ दिवसांनी सुटले, त्यांचा जयजयकार झाला. आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तकही आपण याच चालीवर, देशभक्तांच्या पहिल्या कारावासाची हकीकत म्हणून वाचत आलो. ते तुरुंगात कशामुळे गेले, हे मात्र एखाद्या वाक्यात उरकले जाते. मला ते वाक्यच थांबून वाचावेसे वाटते.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी वयाने लहान, दत्तक आलेले. त्यांना वेड लागले आहे, असे सरकारी बाजूचे म्हणणे. त्यांचा छळ होतो आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी लोकांत बोलवा. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघून जेमतेम वर्ष होत होते. बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या पत्रांच्या भरवशावर या दोन्ही पत्रांनी लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण तेवढ्यावर प्रकरण मिटले नाही. मार्चमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, आणि जुलैत मुंबई हायकोर्टात दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तुरुंगातच गेला.

‘बिचारे फसले’ असे म्हणून चरित्रकार येथून पुढे सरकतात. मी वकील नाही, पण दंडसंहितेचे कलम ४९९ त्याच्या अपवादांसह वाचले, की हा निकाल निव्वळ परकीय सरकारची सूडबुद्धी होता असे म्हणवत नाही. पहिल्या अपवादात नुसते सत्य पुरत नाही, लोकहितही लागते. इतर बहुतेक अपवाद ‘सद्भावने’वर उभे आहेत, आणि कलम ५२ प्रमाणे योग्य काळजी घेतल्यावाचून सद्भावना नाही. पत्रे कोणी दिली, अक्षर कोणाचे, हे पाहिले होते का? सवाल एवढाच, आणि तो रास्त आहे. (२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे फौजदारी कलम वैध ठरवले, २०२४ पासून ते नव्या न्याय संहितेत ३५६ क्रमांकाने नांदते आहे.)

परंतु याच कायद्याची दुसरी बाजू मला जास्त बोचते. न्यायालयासमोर होती ती बर्व्यांची अब्रू. राजवाड्यात त्या मुलाचे काय चालले आहे, हे तपासायला ते बसलेच नव्हते. पत्रे खोटी ठरली आणि त्यांबरोबर मूळ तक्रारही खोटी ठरल्यासारखी झाली. २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरला नजरकैदेत, एका गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन शिवाजीमहाराज मरण पावले. संपादक सुटून चौदा महिने झाले होते. बेसावध लिहिणाऱ्याची शिक्षा चार महिन्यांत संपते. ज्याच्यासाठी लिहिले त्याचा दावा कायमचा बुडतो.

त्याच १८८३ मध्ये आगरकरांचे ‘विकारविलसित’, म्हणजे ‘हॅम्लेट’चे भाषांतर, प्रसिद्ध झाले. राजपुत्र, त्याच्यावर नजर ठेवणारा दरबार, आणि वेड खरे की पांघरलेले हा सगळ्यांना पडलेला प्रश्न! आगरकरांनी नाटक याच कारणाने निवडले असा माझा दावा नाही. पण आपल्या समीक्षेने ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायला हवी होती. एकात कैदी बोलतो. ज्याच्या पायी कैद झाली तो मुलगा मला दुसऱ्यातच जास्त दिसतो.

टिळकांपुरते प्रकरण लंडनला पुरे होते. ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकाबद्दल व्हॅलेंटाइन चिरोलवर त्यांनी बदनामीचा दावा लावला. १९१९ साली तो चालला तेव्हा बर्व्यांच्या जागी, फिर्यादी म्हणून, टिळक होते. चिरोलचे वकील एडवर्ड कार्सन यांनी ‘केसरी’चेच जुने लेख पुढे केले. ज्युरीने चिरोलच्या बाजूने कौल दिला, आणि खर्चाचा बोजा टिळकांवर पडला.