औषध हरलं, की कल्पना हरली?

मनगटाचं हाड मोडतं, प्लास्टर निघतं, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसतं. हात मात्र जळत राहतो. सुजतो, रंग बदलतो, चादरीचा नुसता स्पर्श सोसवत नाही. हा कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. 'हे तुमच्या मनाचं आहे' असं सांगून अनेकांची बोळवण झाली. म्हणून दोष प्रतिकारयंत्रणेत असावा, ही कल्पना पुढे आली तेव्हा रुग्णांना ती उपचार म्हणून हवी होतीच, पण त्याहून जास्त साक्ष म्हणून हवी होती.

2010 मध्ये आंद्रेआस गोबेल आणि सहकाऱ्यांचा ब्रिटनमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्ण 13. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन एकदा, आणि एकदा नुसतं सलाइन. औषधानंतर वेदना, 0 ते 10 च्या पट्टीवर, सरासरी 1.55 ने कमी. आशा वाढली. मग 2017 मध्ये त्याच गोबेल यांनी, त्याच 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये, 111 रुग्णांचा प्रयोग मांडला. औषधाच्या गटात सरासरी वेदना 7.2, दुसऱ्या गटात 6.9. म्हणजे फायदा शून्य! स्वतःचाच निकाल मोठ्या परीक्षेला बसवून तो पडला हे जाहीर करायचं, याला मी मनापासून दाद देतो.

आता यावर दोन प्रतिक्रिया होऊ शकतात, आणि दोन्ही मला घाईच्या वाटतात.

पहिली : प्रतिकारशक्तीची कल्पना संपली. छे. फ्रेंच तत्त्वज्ञ पिएर ड्युएम सांगून गेला, सिद्धान्त परीक्षेला कधी एकटा बसत नाही. इथे त्याच्याबरोबर बसले होते डोस, सहा आठवड्यांची मुदत, आणि एक ते पाच वर्षं दुखणं सोसलेल्या सगळ्यांचा आजार आतून एकच आहे हे गृहीतक. नापास नेमकं कोण झालं, हे निकाल सांगत नाही.

दुसरी : डोस कमी पडला. वजनाच्या किलोमागे अर्धा ग्रॅम. गियाँ-बारे सिंड्रोममध्ये एकूण दोन ग्रॅम देतात. ऐकायला पटतं. पण बघा हं, 2010 मध्ये डोस हाच होता! तेव्हा अर्धा ग्रॅम पुरावा म्हणून चालला, तर आता सबब म्हणून कसा चालेल? ज्याला मोठा डोस हवा आहे त्याने आधी लिहून द्यावं, कोणता निकाल आला तर मी कल्पना सोडेन. नाहीतर पॉपर ज्यावर चिडायचा तेच होतं.

स्वतः मी कल्पना सोडलेली नाही. 2019 मध्ये रुग्णांची प्रतिपिंडं पंजाला जखम केलेल्या उंदरांना टोचली, तेव्हा त्यांचा पंजा जास्त हळवा झाला. इंटरल्यूकिन-1 हा रेणू अडवल्यावर तो परिणाम रोखता आला. हा वेगळ्या वाटेने आलेला पुरावा आहे, म्हणून त्याला वजन. अर्थात, उंदीर पंजा मागे घेतो. 'सात' म्हणत नाही.

आणि या 'सात'चं काय? माझा सात आणि तुमचा सात एकच, हे कुणी ठरवलं? पुढच्या वेळी त्या पट्टीपासूनच सुरुवात करू.