केटामीन-साहाय्यित मानसोपचार : एका सामासिक शब्दाची चिकित्सा

मनोविकारांच्या चर्चेत ‘केटामीन-साहाय्यित मानसोपचार’ हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार आढळतो. व्याकरणदृष्ट्या हा कर्मधारय समास असून त्यात उत्तरपद प्रधान असते. अर्थात येथे मुख्य तो मानसोपचार आणि केटामीन हे त्याचे साहाय्यक, असा बोध होतो. परंतु ह्या उपचाराच्या बाजूने जो पुरावा पुढे केला जातो, तो बहुतांशी पूर्वपदाचा, म्हणजे औषधाचा आहे. ही विसंगती दाखविणे आणि आपल्याकडील एका खेड्याच्या संदर्भात तिचा अर्थ लावणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पूर्वपदाचा विचार करू. अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी केल्व्हिन स्टीव्हन्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने केटामीन १९६२ मध्ये तयार केले. ह्या औषधाने भूल दिली असता श्वसन बहुधा चालू राहते व रक्तदाब खचत नाही. म्हणून साधनांची वाण असलेल्या शस्त्रक्रियागृहांना त्याचा मोठा आधार वाटत आला. पुढे २००६ मध्ये कार्लोस झराटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या १८ रुग्णांवर त्याचा प्रयोग केला. अल्प मात्रा शिरेवाटे एकदाच दिल्यानंतर काही तासांतच पुष्कळांना आराम पडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत केटामीन घेणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के, तर विद्युत्-उपचार घेणाऱ्यांपैकी ४१.२ टक्के रुग्णांना गुण आला. हे यश लहान नव्हे. आत्मघाताचा विचार बळावलेल्या माणसाच्या बाबतीत तासांचे मोल काय असते, हे विदर्भातील वाचकास सांगावयास नको.

तथापि ह्या प्रयोगांत तपासले गेले ते औषध, मानसोपचार नव्हे. औषधापूर्वी रुग्णाची तयारी करणे, अंमल चालू असता त्याच्यापाशी बसणे आणि नंतर त्या अनुभवाचा अर्थ त्याच्यासह उलगडणे, ही ह्या उपचाराची त्रिविध रचना होय. रशियात येवगेनी क्रुपित्स्की ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात मद्यासक्तांवर उपचार करताना ती गांभीर्याने राबविली. परंतु एकाच मात्रेसह संवाद व संवादाविना केटामीन, अशी काटेकोर तुलना अद्याप फारच थोडी झाली आहे.

दुसरी अडचण प्रयोगपद्धतीची आहे. केटामीनचा अंमल इतका स्पष्ट जाणवतो की, आपणांस खरे औषध मिळाले की नाही हे रुग्ण ताडू शकतो. मग आशेचा परिणाम कोणता व औषधाचा कोणता, हे वेगळे काढणे दुष्कर होते. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या ४० नैराश्यग्रस्तांपैकी काहींना केटामीन व काहींना निष्क्रिय द्रव दिला. दोन्ही गटांत सुधारणा दिसली. गटागटांत मात्र लक्षणीय भेद आढळला नाही. एवढ्या लहान प्रयोगावरून औषध निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. पण आशा आणि आस्था ह्यांचा वाटा मोठा असावा, ही शंका त्यामुळे बळावते.

आता हा शब्द वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद ह्या गावाच्या वेशीवर नेऊन पाहू. येथील कर्जाने व नापिकीने खचलेल्या शेतकऱ्यास ह्या समासातील कोणते पद आधी हवे? केटामीन २०११ पासून आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. ते देताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. वारंवार सेवनाने व्यसन व मूत्राशयाची हानी संभवते. आणि एका मात्रेचा गुण बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणजे पुनःपुन्हा तालुक्याबाहेर जाणे आले, खर्च आला, मजुरी बुडणे आले. पूर्वपद खेड्यापासून दूरच राहते.

उत्तरपदाची स्थिती निराळी आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अल्पकाळ प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत केलेल्या उपचाराची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनंतर त्यांच्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यमुक्त झाले होते. नेहमीच्या उपचाराच्या सुधारित रूपात हेच प्रमाण ३९ टक्के होते. वाशीमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ‘विश्राम’ला तुलनेसाठी निराळा गट नव्हता, ही त्याची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. तरीही ऐकून घेणारा माणूस खेड्यात घडविता येतो, हे त्याने दाखविले. शासनाने २०१५ मध्ये वाशीमसह १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पामागेही हीच दिशा होती.

येथे मराठी शब्दाचा एक दोष नोंदविणे अगत्याचे वाटते. ‘मानसोपचार’ ह्या एकाच शब्दाने आपण गोळी लिहून देणे आणि दुःख ऐकून घेणे ह्या दोन्ही गोष्टी दर्शवितो. त्यामुळे उत्तरपद गळून पडले तरी ते कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि शिरेत सुई टोचून रुग्णास घरी पाठविणाराही ‘मानसोपचार केला’ असे म्हणू शकतो.

केटामीनला विरोध करणे हा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नव्हे. इतर औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यात, सुसज्ज रुग्णालयात व जाणत्या देखरेखीखाली त्याला स्थान आहे. आक्षेप आहे तो प्राधान्यक्रमाच्या विपर्यासावर. साहाय्यक आला आणि ज्याला साहाय्य करावयाचे तोच अनुपस्थित राहिला, तर त्या साहाय्याला अर्थ उरत नाही. रिठदच्या रुग्णाला औषध केव्हा पोहोचेल हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु औषधाचा अंमल उतरल्यावर त्याच्या उशाशी कोण बसलेले असेल, हा प्रश्न त्याहून आधीचा आहे.