राखीव निधीतले घोडे

रसग्रहण फक्त कवितेचेच करावे, असा काही सरकारी नियम नाही. लोक मिसळीचे करतात, नव्या सुनेच्या पहिल्या पुरणपोळीचे तर तिच्यादेखत करतात. मग मोटारीने कुणाचे काय घोडे मारले आहे? त्यातून ही मोटार साधी नाही. मूळ ग्रंथात दुसऱ्याच कुणीतरी भर घालून काढलेली ही 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' आहे.

मूळ ग्रंथ आपल्या चाकणचा. फोक्सवॅगन पोलो, जीटी टीएसआय. 2013 साली बाजारात आली तेव्हा इंजिन 1197 सीसीचे, शक्ती 105 अश्वशक्ती आणि टॉर्क 175 न्यूटन-मीटर. एवढ्याशा इंजिनात एवढे घोडे राहतात कसे, हे मी भाच्याला विचारले. त्याने अशी एक सेकंडहँड पोलो कर्ज काढून घेतली आहे.

"टर्बो, मामा! सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त पॉवर."

म्हणजे चहाचा चोथा गुलाबाला घालण्यातलाच प्रकार. इतकी मध्यमवर्गीय कल्पना जर्मनांना सुचावी याचे मला कौतुक वाटले. त्याहून कौतुक वाटले ते टॉर्कच्या रेघेचे. 1500 फेऱ्यांना पूर्ण टॉर्क हाती येतो आणि 4100 पर्यंत रेघ टेबलासारखी सपाट. उगीच चढउतार नाही, आरडाओरडा नाही. ग्रंथाचे खरे सौंदर्य मला विचाराल तर याच रेघेत आहे.

2022 मध्ये पोलोचे इथले उत्पादन थांबले. ग्रंथ दुर्मीळ झाला की टीकाकार वाढतात, तसे या गाडीचे झाले. तिच्यावर 'स्टेज वन' करून घेणारे पुष्कळ. स्टेज म्हटल्यावर मला आधी नाटकच आठवले, आणि तुलना फारशी चुकत नाही. पहिल्या अंकात स्टीअरिंगखालच्या खाचेत लॅपटॉप जोडून इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलतात. टर्बोचा दाब किती, ठिणगी कधी, पेट्रोल किती, सगळे नव्याने. दुसऱ्या अंकात एक्झॉस्ट आणि इंटरकूलर बदलतात. तिसऱ्यात टर्बोच मोठा येतो आणि नायकाचे बचत खाते रंगमंचावरून कायमचे निघून जाते.

भाच्याचा पहिलाच अंक चालू आहे. त्यात 20 ते 30 घोडे वाढतात असे सांगतात. गुणदोष पाहायचे तर गुण आधी. मी शेजारच्या सीटवर बसून पाहिले. घाटात उसाच्या ट्रॉलीला मागे टाकताना गाडी खरोखर झटकन पुढे जाते, समोरच्या बाजूला कमी वेळ राहावे लागते, आणि हा फायदा खोटा नाही.

दोष पुरावा पाहताना सुरू होतात. पुरावा म्हणजे डायनो. गाडी रुळांवर चढवून चाके फिरवतात आणि आलेख काढतात. चाकांपाशी मोजलेली शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमीच भरते, वाटेतला गिअरबॉक्स आपले कमिशन कापून घेतो. ते कमिशन अंदाजाने परत मिळवून छापील आकडा तयार होतो. आणि बहुतेकदा आकडे बदलणाराच आलेख काढतो. विद्यार्थ्यानेच पेपर तपासावा, यातला हा प्रकार.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. लॅपटॉपमधून घोडे जन्माला येत नाहीत. ते गाडीत आधीपासून असतात, बांधून ठेवलेले. का? तर पंपावरचे पेट्रोल कधी भेसळीचे निघेल, मे महिन्यात सोलापूरला पारा 44 वर जाईल, पाच माणसे आणि आंब्याच्या पेट्या घेऊन गाडी आंबा घाट चढेल, आणि हे सगळे आठ-दहा वर्षे चालेल म्हणून. आमच्या बँकेत याला राखीव निधी म्हणतात. स्टेज वन म्हणजे त्या निधीतून लाभांश वाटणे. भागधारक टाळ्या वाजवतात. वाजवणारच!

निधी कुठे कुठे खर्ची पडतो पाहा. या गाडीचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 250 न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतचा. मूळ 175 वर चांगले 75 शिल्लक होते. नव्या आवृत्तीत टॉर्क 220-230 च्या घरात गेला की शिल्लक उरते 20-30. उकाड्यात जादा दाबाने इंजिन ठोकू लागले की संगणक स्वतःच ठिणगी मागे घेतो, म्हणजे विकत घेतलेले घोडे ऐन उन्हाळ्यात रजेवर. ब्रेक मात्र जुनेच. मागच्या चाकांना तर ड्रम. वेग ताशी 100 वरून 120 केला तर थांबवायची ऊर्जा 20 नव्हे, 44 टक्क्यांनी वाढते. चक्रवाढ व्याज कळणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये.

"मामा, तू कॉमर्सवाला. तुला पॉवर काय कळणार?" भाचा म्हणाला.

पॉवर नसेल कळत, तारण कळते. हप्ते फिटेपर्यंत नोंदणीपत्रावर बँकेचेही नाव आहे. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मना करते, आणि 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले आहेत. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो तो वेगळाच. "बॉनेट उघडलं तरी दिसत नाही, मामा," हे समर्थन. अफरातफरही खातेवही उघडल्यावर दिसत नसते, ऑडिटला दिसते. इथे ऑडिट अपघातानंतर होते, आणि तेव्हा शेजारच्या सीटवर माझी बहीण बसलेली असू शकते.

तेव्हा निकाल असा. मूळ लेखकाला पहिला वर्ग. संपादकाला घाटापुरते चार गुण वाढवून काठावर पास. आणि भाच्याला एवढीच सूचना, की पुढचा पगार झाला की नवे टायर, नवे ब्रेक पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल घ्यावे. यात एकही घोडा वाढत नाही. असलेले वेळेवर थांबतात.