‘कापूर’ : एक नाम, अनेक द्रव्ये

घरगुती औषधांवरील मराठी लेखनात ‘कापूर’ ही संज्ञा ज्या निःशंकपणे योजिली जाते, ती चिंत्य आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ कर्पूराचे पक्व व अपक्व असे भेद करून चिनी कापूर निराळा सांगतो. आजच्या लेखनात हा विवेक क्वचितच आढळतो. सुमात्रा-बोर्निओकडील वृक्षाचा भीमसेनी कापूर म्हणजे मुख्यतः बोर्निऑल. चिनी कापूर दुसऱ्याच वृक्षाचा. पूजेचा कापूर बहुधा टर्पेंटाइनपासून सिद्ध केलेला. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावी मात्र देवीच्या आरतीसाठी आणि मुलाच्या पडशासाठी कापूर मागावयाचा तो एकाच शब्दाने. अशा ठिकाणी ‘थोडा कापूर घालावा’ हे विधान केवळ मोघम नव्हे, धोक्याचे आहे. त्वचेवर अल्प प्रमाणात लाविल्यास कंड व वेदना शमतात, हे खरे. परंतु बालकाच्या पोटात गेलेला सुमारे एक ग्रॅम कापूरही झटके आणून प्राणघातक ठरू शकतो. अमेरिकेने १९८३ साली बाह्योपचारातील त्याचे प्रमाण ११ टक्क्यांवर मर्यादित केले. कापूर जळून मागे काही ठेवीत नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. औषधिलेखकाने त्याची जात, मात्रा आणि योजनेचा मार्ग सांगितलाच पाहिजे. निघंटुकारांनी राखलेला भेद पुसून टाकणे हे परंपरेचे अनुसरण नव्हे.