पराभवाचा प्रांजळ हिशेब

सेनापतींचीं आत्मवृत्तें हातीं घेतांना आम्ही मनाशीं थोडे सावध असतों. युद्ध संपल्यावर बहुतेक सेनानी लेखणी उचलतात ती विजयाचें श्रेय पदरांत पाडून घेण्यासाठीं. आणि पराभव झालाच असेल तर त्याचें खापर वरिष्ठांच्या, मित्रसैन्याच्या, पावसाच्या अथवा दैवाच्या माथीं फोडण्यासाठीं. फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांचा 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' हा १९५६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ या वहिवाटीस सन्मान्य अपवाद आहे. ग्रंथ आज जुना झाला. त्यांतील ब्रह्मदेशची मोहीम तर त्याहूनही जुनी, १९४२ ते १९४५ ची. तथापि एखादें सैन्य लढाईस खरोखर सिद्ध केव्हां असतें, आणि त्यासाठीं त्याच्या नायकानें नेमकें काय करावयाचें असतें, या प्रश्नाचें इतकें प्रामाणिक उत्तर आम्हांस सेनापतींच्या लेखनांत क्वचितच आढळलें आहे.

स्लिम यांचा जन्म १८९१ चा, ब्रिस्टल येथील एका सामान्य मध्यमवर्गीय घरांतला. पहिल्या महायुद्धांत गॅलिपोली व मेसोपोटेमिया येथें लढून पुढें ते भारतीय सैन्यांत आले आणि गुरखा पलटणींत रमले. मिळकतीस जोड म्हणून त्यांनीं टोपणनांवानें मासिकांतून गोष्टीही लिहिल्या. ती सवय येथें कामास आली आहे. वाक्य सरळ, शब्द नित्याचे, विनोद बेताचा आणि तोही बहुधा स्वतःवर. मार्च १९४२ मध्यें ब्रह्मदेशांतील लढाऊ सैन्याचें आधिपत्य त्यांच्याकडे आलें, तेव्हां रंगून जपान्यांच्या हातीं गेलेंच होतें. त्यानंतरची सुमारें ९०० मैलांची माघार हा ग्रंथाचा पहिला भाग. येनांजाउंगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनीं उद्ध्वस्त करून, आधीं उन्हांत पाण्यावांचून आणि शेवटीं पावसांत छपरावांचून, हें सैन्य मे महिन्यांत मणिपुरांत पोहोंचलें. दुसरा एखादा लेखक येथें करुणरसाचा पूर आणता. स्लिम मात्र जमाखर्चाची वही उघडून बसतात: आपण हरलों तें कशानें?

शत्रु अलौकिक शूर होता, ही सबब त्यांस मान्य नाहीं. जपानी शिपाई थोडक्या शिध्यावर जंगलांतून चालत होता. आपलें सैन्य मोटारींस, आणि म्हणून रस्त्यास, जखडलेलें होतें. शत्रु पाठीमागें येऊन रस्ता अडवी, कीं आपलें धैर्य खचे. यावर उपाय भाषणाचा नव्हे, सरावाचा. प्रत्येक शिपायानें जंगलांत राहावयास शिकावें. शत्रु मागें आला तर आपण वेढले गेलों असें न मानतां तोच वेढला गेला असें मानावें. आणि सैन्यांत बिनलढाऊ असा कोणी नसावा, कारकुनानें व आचाऱ्यानेंही आपल्या जागेचें रक्षण करावें. हरलेल्या माणसांचा आत्मविश्वास परत आणण्याची त्यांची रीत तर शिक्षकांनींही ध्यानांत ठेवावी अशी आहे. आरंभीं लहान लहान गस्ती पाठवावयाच्या. त्या यशस्वी होऊन परतल्या कीं त्यांच्या हकीकती पलटणींत पसरूं द्यावयाच्या. मग शत्रूच्या एखाद्या छोट्या ठाण्यावर मुद्दाम मोठें बळ घेऊन जावयाचें. एवढ्याशा कामास एवढें सैन्य कशाला, असा आक्षेप कोणीही घेईल. परंतु त्या टप्प्यावर एकही अपयश परवडणारें नव्हतें. मनांतील भीति घालवावयाची तर हा खर्च मोठा नव्हे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

असें असलें तरी ग्रंथाचें मर्म, आमच्या मतें, रणांगणावर नसून औषधाच्या गोळींत आहे. १९४३ सालीं, त्यांच्याच आंकड्यांप्रमाणें, जखमी होऊन मागें आणाव्या लागणाऱ्या एका माणसामागें १२० माणसें आजारानें मागें आणावीं लागत होतीं. आणि आजारांत हिवताप हा मोठा शत्रु. मेपाक्रीनच्या गोळ्या हातीं होत्या, पण त्यांविषयीं नाना प्रकारच्या वदंता पसरल्यामुळें शिपाई त्या टाळीत. स्लिम यांनीं पलटणींची अचानक तपासणी सुरू केली. ज्या पलटणींत शेंकडा ९५ हून कमी माणसांनीं औषध घेतल्याचें दिसे, तिच्या मुख्य अधिकाऱ्यास ते पदावरून दूर करीत. असे तिघेच दूर करावे लागले. बाकीच्यांस अर्थ कळला. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. गोळी चुकविली शिपायानें. शिक्षा झाली ती अधिकाऱ्यास. ज्याच्या हातीं अधिकार त्याच्या माथीं जबाबदारी, हें म्हणावयास सर्वांसच आवडतें. त्याचा पडताळा घेणारा विरळा. त्याच न्यायानें, पुढच्या तुकड्यांवर अर्ध्या शिध्याची पाळी आली म्हणजे ते आपल्या मुख्य ठाण्यावरही अर्धाच शिधा चालू करीत. त्यानें पुढच्यांच्या पोटांत दोन घांस अधिक गेले नसतील. परंतु त्यांच्या भुकेची आठवण मागच्यांस रोज जेवणाच्या वेळीं होत राहिली.

हें वाचीत असतांना आमच्या डोळ्यांपुढें वारंवार पानिपत उभें राहिलें. १४ जानेवारी १७६१ या दिवसावर आपण पोवाडे, नाटकें, कादंबऱ्या रचिल्या. विश्वासरावांस गोळी लागली नसती तर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर, होळकर निघून गेले नसते तर, या प्रश्नांवर आपल्या कित्येक पिढ्यांच्या गप्पा रंगल्या. परंतु त्या सकाळीं बाहेर पडलेली फौज उपाशी होती, तिची रसद आधींच तुटली होती आणि लढूं न शकणारा प्रचंड समुदाय तिच्या गळ्यांत होता, हें कोरडें कारण आपल्या ललित वाङ्मयाच्या केंद्रस्थानीं क्वचितच आलें. शौर्य तेथें उणें नव्हतें. १९४४ सालीं इंफाळ-कोहिमावर चालून आलेल्या जपान्यांतही तें उणें नव्हतें. त्यांचे सेनापति मुतागुची यांनीं, शत्रूचीं कोठारें हातीं पडतील या भरंवशावर, थोड्या दिवसांचा शिधा देऊन माणसें डोंगरांत लोटलीं. आणि तें शूर सैन्य तोफांइतकेंच भुकेनें व रोगानें मेलें. शौर्य ही शिपायाची पुंजी. तिची उधळपट्टी करण्याचा हक्क नायकास नाहीं, हा या ग्रंथाचा खरा सिद्धान्त होय.

तो सिद्धान्त लेखक स्वतःसही लावतो, म्हणून त्यावर आमचा विश्वास बसतो. कोहिमावर शत्रूची फार तर एक रेजिमेंट येऊं शकेल असा त्यांचा अंदाज होता. एप्रिल १९४४ मध्यें आली ती अख्खी डिव्हिजन. ही चूक आपली, आणि तेथील तुटपुंज्या शिबंदीच्या चिकाटीनें आपण तिच्या परिणामांतून वांचलों, असें ते आडपडदा न ठेवतां लिहितात. विजेत्याची कबुली स्वस्त असते असें कोणी म्हणेल. परंतु अशी कबुली देणाऱ्या विजेत्यांची संख्या पाहतां ती तितकीशी स्वस्त नसावी.

एवढी स्तुति केल्यावर उणीवही सांगितली पाहिजे. स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यांत बहुसंख्य शिपाई भारतीय होते. लेखक त्यांचें कौतुक मनापासून करतो. पण त्यांचें बोलणें आपल्या कानीं पडत नाहीं. मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील संगशाक येथें पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली आणि वेढ्यांत राहून तिनें शत्रूचे मोलाचे दिवस खर्ची पाडले. आपल्या घरांतून गेलेलीं तीं माणसें तेथें कशासाठीं उभीं राहिलीं, हें या ग्रंथावरून कळत नाहीं. आझाद हिंद सेनेविषयीं तर लेखक तुच्छतेपलीकडे जात नाहीं. त्याच पलटणींतून आलेले हजारों शिपाई तिकडे कां गेले, हा प्रश्न मनोधैर्यावर इतकें सूक्ष्म लिहिणाऱ्यास पडावयास हवा होता. सैन्यास आपल्या कार्याच्या थोरवीवर श्रद्धा हवी, असें तेच सांगतात; मग परतंत्र देशाच्या शिपायाची श्रद्धा कशावर असावी? येथें हिशेबाच्या वहींतील एक पान कोरें राहिलें आहे, आणि तें इंग्रज सेनापतीनें भरलें नाहीं म्हणून रागावण्यापेक्षां आपल्याकडील कोणी भरावें हें बरें. त्या पिढीचीं पत्रें, तिच्या आठवणी अजून कांहीं घरांच्या पेट्यांतून असतील.

लढायांचीं प्रकरणें नकाशा समोर ठेवूनच वाचावीं लागतात व घरगुती वाचकांस तीं जड जातील. त्यांनीं तीं खुशाल ओलांडावीं. परंतु माघारीनंतर सैन्य पुन्हां उभें केल्याचा भाग सोडूं नये. विशेषतः ज्या तरुणांच्या हाताखालीं नुकतींच चार माणसें आलीं आहेत, त्यांच्या हातीं हा ग्रंथ वडील मंडळींनीं अवश्य द्यावा. आणि देण्यापूर्वीं स्वतः एकदां वाचावा.